बॅगेतलं कोनफळ: काळी माती 'शत्रू' कायची?

पराटीवाला (दारव्हा)

परवा गच्चीवाल्या एका भाऊंची पोस्ट सगळीकडे फिरली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: "विदर्भातल्या शेतकरी मित्रांनो, बॅगेत कोनफळ लावताना काळी माती मुळीच घालू नका, ती कंदाची शत्रू आहे. कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग, परलाइट (हलके पांढरे खडे) एक भाग घ्या आणि ग्रो बॅग चांगल्यातली घ्या." खाली दीडशे अंगठे. त्यातल्या कितीजणांनी आयुष्यात एक तरी कोनफळ उकरलं असेल, देव जाणे.

मी कपाशी-तुरीवाला माणूस. कोनफळ माझा धंदा नाही, सांदवाडीतला, म्हणजे घरामागच्या परसातला, नाद आहे. चार वर्षं झाली, युरियाच्या रिकाम्या चुंगड्यांत (पोत्यांत) लावून राहिलो. म्हणून बोलायचा थोडा हक्क घेतो.

भाऊंचं अर्धं खरं आहे, आणि राग त्याचाच जास्त येतो. नुसती काळी माती पोत्यात भरली तर कोनफळ होत नाही, हे मी पहिल्याच वर्षी करून पाह्यलं. आषाढात ती फुगली, वर पाणी साचलं, खालची भोकं लिंपून गेली. दिवाळीनंतर पोतं फाडलं तर आत सिमेंटचा ठोकळा. दोन पोत्यांत आजारी माणसाच्या बोटांसारखे वाकडे कंद, तिसऱ्यात नुसता सडका वास. पण म्हणून ती शत्रू झाली का? वावरात तिला फुगायला आणि भेगाळायला जागा असते. पोत्यात कोंडली तर ती जाईल कुठं?

दुसऱ्या वर्षी हुशारी केली. माती कमी, सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) जास्त. तेही कच्चं. वेल मांडवावर झकास चढला आणि ऑगस्टात पानं पिवळी. कच्चं कुटार कुजायला लागलं की नत्र तेच ओढते, वेलाच्या वाट्याला काय उरते? त्यात मिश्रण बसत गेलं. कमरेएवढं पोतं गुडघ्यावर आलं, कंद उघडा पडला आणि उंदरांची दिवाळी झाली.

तिसऱ्या वर्षीपासूनचं माप घमेल्यात सांगतो. वर्षभर मुरलेलं शेणखत दोन (ताजं टाकलं तर उधई म्हणजे वाळवी आणि मुळं खाणारी हुमणी अळी, दोघीही आमंत्रणाशिवाय येतात), काळी माती एक, नाल्याची जाड रेती नाहीतर बारीक मुरूम एक, मागच्या साली कुजवलेलं कुटार एक. श्रावणात बसलं की वरून आणखी एक घमेलं. झालं. यंदा संक्रांतीच्या आधी चार पोत्यांतून अकरा किलो निघालं. सगळ्यात मोठा कंद साडेतीन किलोचा होता.

आता सांगा, नारळाच्या सालीचा भुगा केरळातून विकत आणायचा आणि आपलं कुटार धुऱ्यावर (बांधावर) पेटवून द्यायचं, हे कुठलं शहाणपण?

गच्चीवाला (नागपूर)

ती पोस्ट माझीच. 'शत्रू' हा शब्द जास्त झाला, मान्य. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

तुमचं पोतं जमिनीवर आहे, माझं तिसऱ्या मजल्यावरच्या स्लॅबवर. तुमच्या मिश्रणाचं ओलं पोतं पाऊण क्विंटलला टेकतं. अशी वीस पोती गच्चीवर ठेवून बघा आणि मग खालच्या मजल्यावरच्या काकूंशी बोलून बघा. कोकोपीट हलकं असतं, पाणी धरतं आणि फाजील पाणी सोडतं. नारळ केरळचा असो की गोव्याचा, माझ्या कंदाला त्याचं काय? शिवाय आमच्या लेआउटमध्ये माती म्हणून जे मिळतं तो बांधकामाचा मलबा असतो.

आणि दीडशे अंगठ्यांचा एवढा त्रास झाला असेल तर औषध नाही.

पराटीवाला (दारव्हा)

मग "गच्चीवाल्या मित्रांनो" लिहायचं होतं. शेतकरी मित्राच्या घरावर तीन मजले नसतात साहेब, टीन असते.

हौशी_ताई (वर्धा)

कोनफळ म्हणजे रताळंच ना? जांभळ्या जातीचं?

जुनं_खोड (चिखली)

नाही बाई. रताळं वेगळं, सुरण वेगळा, कोनफळ वेगळं. रताळ्याचा वेल जमिनीवर सरपटतो, कोनफळाचा मांडवावर चढतो आणि त्याच्या दांड्याला चार धारा असतात. सुरणाला वेलच नसतो, छत्रीसारखं एकच पान. शहरात सगळ्या कंदांना 'याम' म्हणायची फॅशन निघाल्यापासून हा घोळ वाढला.

आता मूळ मुद्दा. तुम्ही दोघंही चुकता. बॅगच कायले पाहिजे? आमचे आजोबा उकिरड्याशेजारी हातभर खोल खड्डा करत, त्यात पालापाचोळा, राख, शेण आणि वरून माती. जूनमध्ये कंद पुरला की थेट पौषात आठवण. रोज पाणी नाही, माप नाही, परलाइट नाही. एका खड्ड्याचं कोनफळ सगळी भावकी खायची.

पराटीवाला (दारव्हा)

काका, तुमचे आजोबा ते कोनफळ सब्बल (पहार) लावून काढत असतील. सुकलेल्या काळ्या मातीतून अख्खं निघालेलं एक तरी दाखवा. अर्धं हातात, अर्धं जमिनीत. पोत्याचा खरा फायदा तोच आहे, ब्लेड मारलं की कंद हातात. मातीवर भांडू, पण एवढं तरी कबूल करा.

जुनं_खोड (चिखली)

अर्धं जमिनीत राहिलं तर पुढच्या वर्षी आपोआप उगवतं. त्याला नुकसान म्हणत नाहीत.

धानपट्टा (साकोली)

आमच्याकडे कुटार नाही, पण राइस मिलच्या मागं तुसाचे डोंगर आहेत. कच्चं तूस भरू नका, मी भरलं होतं. कोनफळाआधी पोत्यात धानच उगवलं, शेजारी विचारायचे रोवणी कधी. तूस अर्धवट जाळायचं, काळं होईपर्यंत. पांढरी राख होऊ द्यायची नाही. काळं झालं की पाणी मारायचं. वजनाला हलकं, पाणी थांबत नाही आणि लवकर कुजत नाही म्हणून पोतं बसतही नाही. गच्चीवाले भाऊ, तुमच्या परलाइटचं काम हे फुकटात करते. एक भाग टाकून पाहा, नाही जमलं तर मला शिव्या द्या.

राखवाला (घुग्घुस)

फुकटच पाहिजे तर वीज केंद्राची राख घ्या ना. आमच्याकडे ट्रकनं मिळते. माती मोकळी होते.

धानपट्टा (साकोली)

तुसाची राख आणि कोळशाची राख एक नाही दादा. कोळशाच्या राखेत जड धातू असतात आणि कोनफळ हे जमिनीत बसून नऊ महिने सगळं शोषणारं पीक आहे. त्या राखेच्या विटा करा, भाजी नका करू. आधीच आपली काळी माती विम्लाकडे (अल्कलीकडे) झुकलेली, कोनफळाला थोडी आंबट माती लागते. चुलीची राखसुद्धा मूठभर ठीक, घमेलंभर नाही.

अकोटकर

वाह. माती, राख, तूस, नारळ. अन् पाण्याचं कोनी बोलतच नाही! आमच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी जिभेवर ठेवून पाहा. पूर्णेच्या काठानं अकोला, अमरावती, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यांत हेच रडगाणं. मी तीन वर्षं ते पाणी पोत्यांना दिलं. वावरातलं मीठ निदान पावसानं थोडं खाली जाते, पोत्यात पाणी उडून जाते अन् मीठ तिथंच बसते. एप्रिलात पोत्याच्या काठावर पांढरी बुरशी समजून खरवडली, ते मीठ निघालं. पानाच्या कडा करपल्या, कंद लिंबाएवढा.

आता टिनावरचं पावसाचं पाणी दोन ड्रमात धरतो, अन् ऑक्टोबरनंतर फक्त तेच देतो. कोकोपीटवाल्यानं हेही लक्षात ठेवावं की ते नीट धुतलेलं नसलं तर त्यातही खार असतो. म्हंजे आमच्याकडे खारावर खार.

गच्चीवाला (नागपूर)

हे खरं आहे. पहिल्या खेपेला मी न धुता वापरलं होतं, पानं करपली होती. पोस्टमध्ये लिहायचं राहिलं.

पराटीवाला (दारव्हा)

राहिलं! शेतकरी मित्रांनो...

सांदवाडीची_सून (मूल)

तुमचं मातीशास्त्र चालू द्या. मी पोत्यात का लावते ते सांगते. वावरात लावलं तर रानडुक्कर ठेवत नाही म्हणून.

चार वर्षांपूर्वी बोडीच्या (शेतातल्या लहान तळ्याच्या) पाळीवर पंचवीस वेल लावले होते, बांबूचा मांडव करून. नोव्हेंबरात पानं वाळायला लागली, म्हटलं पंधरा दिवसांत काढू. एका रात्रीत कळप आला. सकाळी जाऊन पाहिलं तर ट्रॅक्टर फिरवल्यासारखी पाळ. एक कंद शिल्लक नाही, मांडवही आडवा. अर्ज केला, फोटो काढले, पंचनाम्याला कोणी येईपर्यंत पाळीवर गवत उगवलं होतं. आलेल्या माणसानं विचारलं, "इथं काय होतं?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तो म्हणाला, कोनफळ यादीतल्या पिकात बसत नाही.

तेव्हापासून अंगणात, घराच्या भिंतीला टेकून बारा पोती. माती कोणती? जी हाताला लागते ती.

पराटीवाला (दारव्हा)

ताई, डुकराचं नाव काढलं अन् जखमेवर बोट ठेवलं. आमच्याकडे भुईमूग सोडून दिला लोकांनी.

अकोटकर

आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगाय. डुक्कर रात्री येते, रोही दिवसा उभा राहून पाहते. दोघांची पाळी ठरलेली.

जुनं_खोड (चिखली)

साड्या बांधा. धुऱ्यावर चारी बाजूंनी साड्या लावल्या की डुक्कर बिचकतं.

सांदवाडीची_सून (मूल)

बांधल्या काका. सासूबाईंच्या सगळ्या जुन्या, माझ्या लग्नातल्या दोन. पहिली आठ रात्र कोणी आलं नाही. नवव्या रात्री लाल साडीच्या खालून घुसले. सासूबाई अजून म्हणतात डुकरानं नेली माझी नऊवारी.

रात्रपाळी (वरोरा)

सगळं करून पाहिलं. फटाके, डबे, न्हाव्याकडचे केस, फिनाइल. तुम्ही लोक बॅगेच्या मातीवर वाद घालता, इथं थंडीत माचणावर रात्र काढावी लागते. तार सोडा करंटची, एका रात्रीत विषय संपतो.

धानपट्टा (साकोली)

ते इथं लिहू पण नका. आमच्या बाजूच्या गावात त्या तारेनं डुक्कर नाही, ज्याचं वावर होतं त्याचाच मुलगा गेला. पाणी द्यायला पहाटे निघाला होता.

रात्रपाळी (वरोरा)

मी सल्ला नाही दिला, राग लिहिला. रागाला कायदा नसतो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा डुकराला आहे, मला कोणता आहे?

अकोटकर

कायदा पीक खाणाऱ्यासाठी नाही लिहिला भाऊ, जंगलासाठी लिहिला. पण डुक्कर जंगलात राहते कुठं आता? तुरीत राहते, उसात राहते, तिथंच पिल्लं घालते.

जुनं_खोड (चिखली)

सौर कुंपण लावा. झटका बसतो, मरत नाही.

रात्रपाळी (वरोरा)

अडीच एकराला सौर कुंपण. पैसे तुम्ही पाठवता का मग? साड्या तर पाठवल्याच नाहीत.

कंदमित्र (परतवाडा)

माफ करा, डुकरातून थोडं बाहेर यायला परवानगी आहे का? इतके प्रतिसाद झाले, बियाण्याबद्दल एकानंही लिहिलं नाही.

मूळ पोस्टसोबत जो नायजेरियाचा व्हिडिओ होता, त्यात पोत्यातून निघतो तो तिकडचा पांढरा याम, वेगळी जात. आपलं जांभळं-पांढरं कोनफळ त्याचा भाऊबंद, पण तेच नाही. त्यांची लागवड, त्यांचा पाऊस, त्यांचं मिश्रण आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही, म्हणून त्या व्हिडिओतल्या लाकडाच्या भुश्याच्या मापामागे लागू नका. आणि बाजारातून आणलेला अख्खा कंद एका पोत्यात पुरणं ही चैन आहे. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेनं 25-30 ग्रॅमच्या तुकड्यांपासून रोपं करायची पद्धत सांगितली आहे, प्रत्येक तुकड्याला थोडी साल हवी. श्री कीर्ती, श्री रूपा या त्यांच्याच कोनफळाच्या जाती. अशा रोपापासून कंद लहान मिळेल, पण बियाणं वाचेल. पोत्यातून मोठा कंद हवा असेल तर पाव किलोचा तुकडा लावा. चिरलेल्या बाजूला राख चोळून सावलीत सुकवायचा. नाहीतर मातीचं मिश्रण सोन्याचं असलं तरी तुकडा सडतो.

पराटीवाला (दारव्हा)

पाव किलोचाच लावतो. मी नाही लिहिलं कारण मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल.

गच्चीवाला (नागपूर)

राहिलं! शेतकरी मित्रांनो...

पराटीवाला (दारव्हा)

घ्या, वसूल केलं. आता एक सांगतो, तेही जाळलेल्या तुसावाल्या भाऊंमुळे, तुमच्यामुळे नाही. गच्चीवर वजन कमीच पाहिजे हे पटलं. पण माती शून्य केली तर दर पंधरा दिवसांनी खत पाजत बसावं लागते, कारण कोकोपीटात अन्न असं नाहीच. तुमचा पोत्यामागं खर्च किती आला ते आकड्यात लिहा, मग बोलू.

गच्चीवाला (नागपूर)

बॅग, कोकोपीट, गांडूळखत, परलाइट मिळून एका बॅगेला चारशेच्या वर. कोनफळ निघालं दोन किलो. हसून घ्या.

पराटीवाला (दारव्हा)

हसत नाही. कुजलेलं कुटार पाहिजे असेल तर एसटीनं चुंगडीभर पाठवतो. आमच्या रिकाम्या चुंगड्याच वापरा, फक्त उन्हात त्या दुसऱ्या वर्षी चुरा होतात, म्हणून मे महिन्यात ओल्या बारदानानं झाका.

जुनं_खोड (चिखली)

खड्डा केला असता तर हे काहीच लागलं नसतं.

गच्चीवाला (नागपूर)

गच्चीवर खड्डा केला तर थेट काकूंच्या स्वयंपाकघरात उतरेन काका.

कुटार पाठवा, भाडं मी देतो. आणि मूलच्या ताईंना एक विचारायचं होतं. आमच्याकडे डुक्कर नाही, माकडं येतात, कोवळे वेल ओरबाडतात. साडीनं माकड थांबतं का?

सांदवाडीची_सून (मूल)

माकड ती नेसून जाईल भाऊ.