मदत हवी आहे: लग्न झालंच नाही, पण विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आहे

नमस्कार मंडळी,

मामेबहिणीसाठी सल्ला हवा आहे. तिला विचारूनच लिहितोय. गाव-नावं मुद्दाम टाळली आहेत.

गेल्या वर्षी तिचा साखरपुडा झाला. मुलगा जर्मनीत नोकरीला. लग्न डिसेंबरात धरलं होतं, पण व्हिसाला वेळ लागतो म्हणून दोन्हीकडच्या मोठ्यांनी ठरवलं की सर्टिफिकेट आधीच काढून ठेवू. बाकी सगळं एजंटाने जमवलं. नमुना ड (विवाह नोंदणीचा अर्ज) मध्ये विवाहाची तारीख म्हणून साखरपुड्याची तारीख टाकली. लग्नपत्रिका फक्त फायलीला लावायला छापली. फोटो साखरपुड्यातलाच लावला, दोघांच्या गळ्यात हार होतेच. मागच्या फुलांच्या कमानीवर 'साखरपुडा' लिहिलेलं तेवढं कापलं. तीन साक्षीदार, भटजींची सही, शिक्का, झालं.

नोव्हेंबरात बोलणी फिसकटली. कारणात शिरत नाही. हॉल रद्द केला, दागिने परत गेले. मंगलाष्टका नाहीत, सप्तपदी नाही, दोघं एक दिवसही एकत्र राहिलेले नाहीत. व्हिसाचा अर्जही गेला नव्हता.

आता दुसरं स्थळ आलंय. त्यांना सगळं खरं सांगितलंय आणि त्यांची हरकत नाही, फक्त 'कागदोपत्री मोकळी असू दे' म्हणतात. नोंदणी कार्यालयाचं उत्तर, "आम्हाला रद्द करता येत नाही, कोर्टाचा आदेश आणा." एका वकिलांनी सुचवलं, परस्पर संमतीने घटस्फोट घ्या, सोपं पडेल. मामा भडकले, लग्नच नाही तर घटस्फोट कसला! मामींना बायोडेटात 'घटस्फोटित' लिहावं लागेल याचा घोर. कायद्याच्या दृष्टीने ती आज नक्की कोण आहे? आणि कोर्टाकडे मागायचं तरी काय?

प्रतिसाद

मामांचा मुद्दा बरोबर आहे, पण तो कोर्टाकडून वदवून घ्यावा लागेल.

नमुना ड म्हणताय म्हणजे महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणीच्या कायद्याखालची नोंदणी असणार. तरी प्रमाणपत्राच्या डोक्यावर कोणता कायदा छापलाय ते एकदा बघून घ्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देऊन विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लावलं असेल तर ते पक्कं लग्न आहे आणि माझं पुढचं सगळं गैरलागू.

१९९८ च्या कायद्याची नोंदणी लग्न लावत नाही, लागलेल्या लग्नाची फक्त नोंद घेते. हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ म्हणतं की दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हायला हवेत. कलम ८ ची नोंदणी हा त्याचा पुरावा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये डॉली राणी विरुद्ध मनीष कुमार चंचल या प्रकरणात हेच सांगितलं. ते दोघे वैमानिक होते. उत्तर प्रदेशात २०२१ मध्ये प्रमाणपत्र काढलेलं, विधी पुढे व्हायचे होते, त्याआधीच बिनसलं. प्रकरण घटस्फोटाचा दावा दुसऱ्या कोर्टात हलवण्यासाठी वर गेलं होतं, शेवटी दोघांनी मिळून अर्ज केला आणि न्या. नागरत्ना आणि न्या. मसीह यांच्या पीठाने प्रमाणपत्र निरर्थक ठरवून दोघं कधीच पती-पत्नी नव्हते असं जाहीर केलं. मात्र तिथे राज्यघटनेचं अनुच्छेद १४२ (पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याचा अधिकार) वापरलं, तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे.

तुमचा रस्ता कौटुंबिक न्यायालयाचा. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ मध्ये विवाहाची वैधता किंवा वैवाहिक स्थिती घोषित करून मागता येते. 'विवाह झालेलाच नाही' अशी घोषणा आणि नोंद रद्द करण्याचा आदेश, दोन्ही मागा. घटस्फोटाची घाई नको. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब चा (परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा) अर्ज करायचा म्हणजे लग्न झालं हे शपथेवर लिहून द्यायचं, आणि मग मामींची भीती खरी ठरेल. त्याच कायद्याचं कलम १२ सुद्धा बसत नाही. फसवणूक, जबरदस्ती, नपुंसकत्व असल्या कारणांनी लागलेलं लग्न मोडायला ते आहे.

अडचण पुराव्याची. सरकारी कागद लग्न झालं म्हणतोय, उलट सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. हॉल रद्द केल्याची पावती, डिसेंबरच्या तारखेबद्दलचे मेसेज, न कापलेला मूळ फोटो, दोन्हीकडच्या आई-वडिलांची प्रतिज्ञापत्रं गोळा करा. मुलाकडचे सोबत असतील तर निम्मं काम झालं. आणखी एक, नमुना ड वर खोट्या माहितीखाली सह्या आहेत. त्याचे परिणाम वकिलांशी आधी बोला, कोर्टात ते निघणारच. महिलांना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आदेशाआधी दुसरं लग्न मात्र नको. द्विविवाहाच्या गुन्ह्यात लग्नाचे विधी सिद्ध व्हावे लागतात, हे १९६५ च्या भाऊराव लोखंडे खटल्यापासून ठरलेलं आहे (महाराष्ट्रातलाच खटला). पण उद्या कोणी तक्रार केली तर हे पोलिसांना समजावत कोण बसणार?

प्रतिसाद

सप्तपदीवर फार भर देऊ नका. आमचं सत्यशोधक पद्धतीने लागलं, भटजी नाही, सप्तपदी नाही, तरी लग्न पक्कं. बौद्ध विवाहांचंही तसंच. तुमच्या घरात जी रूढी असेल ती पाळली गेली नाही, असं मांडा. तमिळनाडूत तर १९६७ पासून हिंदू विवाह कायद्यात कलम ७अ आहे, तिथे आप्तेष्टांसमोर एकमेकांना हार घातले तरी लग्न लागू शकतं. तो हारांचा फोटो तिथे भलताच महागात पडला असता.

प्रतिसाद

फोंड्याहून लिहितेय. आमच्याकडे गणित उलटं. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी इच्छा नोंदवायची, मुदत संपली की साक्षीदारांसह पुन्हा जाऊन सह्या करायच्या. दुसरी सही झाली की लग्न लागलं, मग मांडव पडो न पडो. इथे 'सह्या करून ठेवू, लग्न दिवाळीनंतर' म्हणणाऱ्यांना मोडायला कोर्टच गाठावं लागतं. गोव्याच्या कोणाचा अनुभव ऐकून महाराष्ट्रात तसं करू नका, आणि उलटही नको.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. प्रमाणपत्रावर १९९८ चाच कायदा आहे. मुलाच्या वडिलांशी काल मामा बोलले, त्यांनाही मुलासाठी स्थळं बघायची आहेत, त्यामुळे संयुक्त अर्जाला तयार आहेत. सोमवारी प्राधिकरणाच्या कार्यालयात जातोय.

एक राहिलंच. व्हिसाच्या तयारीत बहिणीच्या पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालून घेतलंय. ते काढायला हाच आदेश पुरेल, की अर्जात त्याचीही वेगळी मागणी करावी लागेल? कोणी हे केलं असेल तर कृपया लिहा.