रावबहादूर धुरंधर: शाळेत दीड तासाचा कार्यक्रम कसा बसवावा? आणि दालनातलं चित्र मूळ की छापील?

खडूफळा

माध्यमिक शाळेत चित्रकार म. वि. धुरंधरांवर कार्यक्रम बसवायचा आहे. आठवी-नववीची चाळीसेक मुलं, जोडतास धरून दीड तास. बरीच मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी आहेत, त्यामुळे पेन्सिल धरता येते. ‘जन्म कोल्हापूर, शिक्षण मुंबई’ छापाचं भाषण करायचं नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१) आयुष्यातलं काय सांगावं आणि काय गाळावं? एका जुन्या स्मरणिकेत ते राजा रवि वर्मांचे शिष्य होते असं छापलंय, ते खरं का?

२) प्रात्यक्षिक असं हवं की शिक्षक म्हणून त्यांनी जे शिकवलं असेल त्याची चव मुलांना हाताने कळेल.

३) शाळेच्या दालनात एक फ्रेम आहे. नऊवारी नेसलेली बाई, हातात पूजेचं तबक, खाली उजवीकडे इंग्रजी अक्षरांत धुरंधरांची सही. वर चकाकी आणि कॅनव्हासचा पोत. मूळ तैलचित्र म्हणून सगळे पाहुण्यांना दाखवतात. खालच्या बाजूला तपकिरी ठिपके उठलेत आणि ते वाढू नयेत म्हणून लॅमिनेट करून घ्यावं असा विचार चालू आहे.

---

कोळसापेन्सिल

रवि वर्मांचे शिष्य ही चूक फार ठिकाणी छापली गेली आहे. प्रभाव होता, तो चित्रांत दिसतोच. पण धुरंधर घडले ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली. ग्रिफिथ्स म्हणजे अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेणारे तेच.

मुलांना एवढा सांगाडा द्या: जन्म १८ मार्च १८६७, कोल्हापूर. १८९० ला जेजेत विद्यार्थी म्हणून प्रवेश. १८९५ ला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक. १८९६ पासून त्याच शाळेत शिक्षक, पुढे हेडमास्तर. १९३० साली संचालकपदाची सूत्रं काही काळ त्यांच्याकडे आली आणि त्या खुर्चीत बसलेले ते पहिले भारतीय ठरले. १९३१ ला निवृत्ती, १ जून १९४४ ला मुंबईत निधन. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ आहे (१९४०). १९३१ मधून १८९० वजा करायला सांगा, नावाचा हिशेब मुलांना आपसूक लागेल.

पदव्या आणि मानसन्मानांची यादी गाळा. ‘रावबहादूर’ म्हणजे सरकारी किताब, एवढं एका वाक्यात पुरे. त्याऐवजी वेळ द्या तो या गोष्टीला, की नोकरी सांभाळून हा माणूस किती प्रकारचं काम करत होता: तैलचित्रं, जलरंग, देवादिकांची छापील चित्रं, जाहिराती, मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची पोस्टकार्डं, पुस्तकांतली चित्रं. किंकेडच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’मधली (१९१४) चित्रं त्यांची. त्या पुस्तकात आपल्याच कहाण्या इंग्रजीत सांगितल्या आहेत, श्रावणातली शुक्रवारची, सोमवारची वगैरे, म्हणून मुलांना चित्र बघून गोष्ट ओळखायला लावता येईल. ऑटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’त (१९२०) त्यांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रं आहेत. आजच्या भाषेत सकाळी कॉलेज आणि उरलेल्या वेळात फ्रीलान्स. ‘थोर कलावंत’ म्हणण्यापेक्षा हे मुलांना लवकर पटतं.

आणखी एक. जेजेत त्यांच्या कारकिर्दीत वारं दोनदा-तीनदा बदललं. ग्रिफिथ्स गेले, सेसिल बर्न्स आले, मग ग्लॅडस्टन सॉलोमन आले आणि त्यांनी जिवंत मॉडेलवरून अभ्यास आणि भित्तिचित्रं यांवर जोर दिला. साहेब बदलत गेले, वर्गातले मास्तर तेच राहिले. सावळाराम हळदणकरांसारखी जलरंगातली मोठी माणसं त्या काळात त्याच वर्गांतून बाहेर पडली. माझ्या मते भाषणाचा कणा हाच ठेवावा.

त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) याही जेजेत शिकलेल्या चित्रकार. वर्गात मुली असतील तर त्यांचा उल्लेख टाळू नका.

---

लिथोदगड

तिसऱ्या प्रश्नाचं आधी: लॅमिनेट अजिबात करू नका. उष्णतेने वरचं वार्निश मऊ होतं, प्लास्टिक त्यात रुततं आणि नंतर निघत नाही. काढायला गेलं तर रंगासकट निघतं. शिवाय कागदातली ओल आत कोंडते, म्हणजे ज्या ठिपक्यांसाठी हा खटाटोप त्यांना मोकळं रानच.

वर्णनावरून ते ओलिओग्राफ वाटतंय, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड वापरून छापलेलं चित्र. छपाईनंतर कॅनव्हासचा पोत रुळाने दाबून उठवायचे आणि वर वार्निश द्यायचे, हेतू हाच की तैलचित्र वाटावं. तपासायला दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग पुरतं. भिंगातून पाहायचं ते असं:

गालाची किंवा हाताची सावली बघा. वेडेवाकडे, लहानमोठे, हाताने टिंबल्यासारखे ठिपके एकमेकांवर चढलेले दिसले तर दगडी छपाई. ठिपके शिस्तीत, ओळीत किंवा छोट्या फुलांसारख्या वर्तुळांत असतील तर हाफटोन किंवा ऑफसेट, म्हणजे फोटोवरून जाळीने केलेली यांत्रिक छपाई. ठिपके नाहीतच, रंगाला जाडी आहे आणि ब्रशच्या केसांच्या रेघा आहेत, तर पुढे विचार करायचा.

मग टॉर्च चित्राच्या कडेला अगदी आडवा धरा. खऱ्या तैलचित्रात ब्रशचा फटकारा आकाराबरोबर वळतो, म्हणजे गालावर गोल आणि निरीवर उभा. ओलिओग्राफचा पोत चेहरा, साडी, भिंत सगळीकडे एकसारखा धावतो. साडीच्या काठाशी एखादा रंग केसभर सरकून बाहेर आलेला दिसला तर तो दगड नीट जुळला नव्हता, हा पक्का पुरावा. सहीसुद्धा त्याच ठिपक्यांची बनलेली असेल तर ती दगडावरची सही आहे. सही आहे म्हणून मूळ, हा समज सगळ्यात जास्त फसवतो.

एक सावधगिरी. शिस्तीतले ठिपके दिसले की लगेच ‘हल्लीची नक्कल’ म्हणू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुस्तकांतली रंगीत चित्रं हाफटोननेच छापत. जुन्या पुस्तकातलं पान कापून फ्रेम केलेलं असू शकतं. नवं-जुनं ठरवायला काळोखात अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा उजळला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, आणि ते कागदात सर्रास येऊ लागलं १९५० नंतर. वार्निश मध्ये आलं की गोंधळ होतो, म्हणून मागची बाजू किंवा मोकळा समास तपासा.

साडीवर जर किंवा टिकल्या चिकटवल्या असतील तर त्या खरवडू नका. छापील चित्रं घरी अशी सजवायची पद्धत होती, तोही इतिहासच. खालची पट्टी कापलेली दिसली तर बहुधा तिथे जाहिरात होती.

तपकिरी ठिपके म्हणजे ओल, बुरशी आणि कागदातली अशुद्धता यांचा एकत्र प्रताप. ओल्या फडक्याने पुसू नका, कापूस-स्पिरिट नको, बटाटा-पावाचे घरगुती उपाय तर नकोच. चित्र बाहेरच्या भिंतीवर असेल तर आधी आतल्या भिंतीवर हलवा. पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते आणि फ्रेमच्या पाठीला देते.

---

ओलाकागद

प्रात्यक्षिकाबद्दल. धुरंधरांची खासियत गर्दी. लग्नाचा मांडव, मिरवणूक, दरबार, यात्रा, कुठलंही चित्र घ्या, चाळीस माणसं असली तरी प्रत्येक जण जमिनीवर घट्ट उभा असतो. मुलांची गर्दी हवेत तरंगते. तोच धडा करा, साहित्य म्हणजे पाव आकाराचा कागद, एचबी पेन्सिल आणि फूटपट्टी.

कागदावर आडवी रेघ मारायची, ती डोळ्याची पातळी. सपाट मैदानात आपणही उभे आहोत असं धरलं तर उभ्या असलेल्या सगळ्या मोठ्या माणसांची डोकी त्याच रेघेवर येतात, जवळची असोत की लांबची. बदलतात ती पावलं. जवळच्या माणसाची उंची १२ सेंमी काढली तर दुप्पट अंतरावरचा ६ सेंमी, चौपट अंतरावरचा ३ सेंमी, आणि सगळ्यांची डोकी रेघेला टेकलेली. मुलं हमखास काय करतात? लांबचा माणूस लहान काढतात, पण त्याची पावलं जवळच्याच्या पावलांच्या ओळीत ठेवतात. मग तो लांबचा न दिसता जवळ उभा असलेला बुटका दिसतो.

पुढची पायरी गच्चीतून बघण्याची. आपला डोळा माणसाच्या उंचीच्या दुप्पट उंचीवर असेल तर रेघ प्रत्येकाच्या डोक्याच्या वर बरोबर एक माणूसभर येते. ५ सेंमीच्या माणसाच्या वर ५, अडीचच्या वर अडीच. दरबाराच्या चित्रात सगळी डोकी दिसावीत म्हणून चित्रकार डोळा असा वर नेतो. हे एकदा जमलं की कोणत्याही चित्रात चित्रकार कुठे उभा होता ते मुलं फूटपट्टीने शोधू शकतात. बसलेल्या माणसांची आणि लहान मुलांची उंची शेजारच्या उभ्या माणसावरून मोजायची, रेघेवरून नाही.

वेळ असा वाटा: पंधरा मिनिटं आयुष्य, दहा मिनिटं चित्रं दाखवणं, पंचवीस मिनिटं मॉडेल, चाळीस मिनिटं गर्दी. मॉडेल म्हणून नऊवारी नेसलेली एखादी आजी किंवा शिक्षिका बसवा. दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठका, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. उठायच्या आधी पावलांभोवती खडूने खूण करा, नाहीतर दुसऱ्या बैठकीत पाय भलतीकडे जातो आणि सगळ्या चुण्या बदलतात.

चुण्या म्हणजे नुसत्या समांतर रेघा नव्हेत, हे आधी सांगा. कापड जिथे खेचलं जातं तिथून चुण्या सुटतात: कमरेची गाठ, पुढचा ओचा, मागे खोचलेला कासोटा, दुमडलेला गुडघा, खांदा. या पाच जागी आधी बारीक टिंब द्यायला लावा, मग रेघा. हटकून होणारी चूक म्हणजे वरून नऊवारी आणि खालून पाचवारीचा घेर. कासोट्यामुळे दोन्ही पाय वेगळे दिसतात, पोटरीचा आकार कळतो, तो दिसायलाच हवा.

रंग पहिल्या दिवशी नको, चाळीस मुलांत पाणी सांडण्यातच वेळ जाईल. पुढच्या आठवड्यात करायचं तर त्वचेला यलो ऑकर आणि लाइट रेड, सावळ्या रंगाला बर्न्ट सायना, सावलीत थोडा अल्ट्रामरीन. काळा रंग पेटीतून काढूनच ठेवा, सावली मळकट होते. पांढराही नको, तिथे कोरा कागद सोडायचा. पहिला वॉश (पातळ रंगाचा हात) पुरता वाळल्याशिवाय दुसरा दिला की पाणी आत घुसून फुलकोबीसारखी कड फुटते. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा, गार लागला तर अजून ओला आहे.

---

खडूफळा

भिंगाने पाहिलं. वेडेवाकडे ठिपके, काठाशी लाल रंग सरकलेला, सहीही ठिपक्यांची. म्हणजे दगडी छपाईच. आता दोन उपप्रश्न. या चित्राचा फोटो मोठा करून छापला तर हक्कांचा प्रश्न येतो का? आणि रंगाच्या तासाला कागद बोर्डवर मास्किंग टेपने ताणला तर चालेल का?

---

कोळसापेन्सिल

हक्काचं सोपं आहे. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, तीही पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. धुरंधरांच्या बाबतीत मुदत २००४ अखेर संपली. स्वतः काढलेला फोटो बिनधास्त छापा. संग्रहालयातल्या चित्राचा फोटो मात्र तिथल्या परवानगीनेच. अंबिकाबाईंच्या लेखनावर अजून हक्क आहे, लांबलचक उतारे छापू नका.

आणि सहल काढणार असाल तर औंधचं श्री भवानी संग्रहालय. तिथे धुरंधरांची चित्रं प्रत्यक्ष बघता येतात, नुकतीच शिकलेली ती आडवी रेघ तिथेच शोधायला सांगा.

---

ओलाकागद

मास्किंग टेप ओल्या कागदाला धरत नाही, कागद वाळताना आकसतो आणि टेप सुटते. डिंकाची कागदी पट्टी आणा, दोन इंच रुंद. कागद पाच मिनिटं पाण्यात, उचलून पाणी निथळू द्या, बोर्डवर पसरून चारी बाजूंनी पट्टी, निम्मी कागदावर निम्मी लाकडावर. बोर्ड आडवाच वाळवायचा. उभा ठेवला तर पाणी खाली उतरतं, खालची पट्टी भिजून निघते. उन्हात किंवा पंख्याखाली घाईने वाळवला की कागद मधोमध फाटतो. ३०० जीएसएम कागद असेल आणि चित्र लहान असेल तर ताणायची गरजही नाही, चार क्लिपा पुरतात.

---

लिथोदगड

फ्रेम उघडायची वेळ येईल तेव्हा: मागचा तपकिरी कागद आणि प्लायवूड बहुधा आम्लधारी असतं, ठिपक्यांचं एक कारण तेच. चित्र प्लायला चिकटवलेलं असेल तर ओढू नका, थांबा आणि संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करा. सुटं असेल तर पुन्हा फ्रेम करता येईल.

फ्रेमवाल्याला तोंडी सांगून उपयोग नाही, कागदावर लिहून द्या: आम्लमुक्त माउंट बोर्ड पुढे आणि मागे, काच आणि चित्र यांत निदान ४ मिमी अंतर, सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, चित्र फक्त वरच्या कडेला जपानी टिशूच्या दोन बिजागऱ्यांनी गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगायचं. समास कापून फ्रेमच्या मापात बसवायचा नाही, हे वाक्य अधोरेखित करा, कारण फ्रेमवाले विचारता न विचारता तेच करतात. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि पाठ यांत हवा खेळते. आणि कसर लागलीय का ते दर पावसाळ्यानंतर एकदा फ्रेम उतरवून बघायला शिपायाला सांगून ठेवा.