ओरापिन चैयाकान: शिक्षिका म्हणून निवडून आल्या की खासदाराची पत्नी म्हणून?

खडूफळा: ‘थायलंडची पहिली निर्वाचित महिला खासदार म्हणजे नवऱ्याच्या पुण्याईवर बसवलेली बाई,’ असा निकाल काल येथे एका ओळीत लावला गेला, म्हणून हे सविस्तर उत्तर. ओरापिन यांचे पती लिआंग चैयाकान १९३३ च्या पहिल्याच निवडणुकीत उबोन राचाथानीतून निवडून आले होते, हे कोण नाकारते? परंतु ओरापिन स्वतः शिक्षिका होत्या, आणि त्या काळच्या ईशान्य थायलंडात शिक्षिकेला नवऱ्यावेगळी ओळख असणारच. शिवाय काळ पाहा. मार्च १९४९ मध्ये चार माजी मंत्री पोलिसांच्या ताब्यात असताना गोळ्या घालून मारले गेले. त्यांतले थोंग-इन फूरिफत उबोनचेच. त्याच वर्षी ओरापिन तेथून निवडून आल्या.

तिरकस: मारले गेलेले सत्ताधाऱ्यांचे विरोधक, माजी पंतप्रधान प्रीदी फनोम्योंग यांच्या गोटातले होते, तो धोका सर्वांना सारखा नव्हता, तेव्हा शौर्याचा टिळा लावण्याची घाई नको. १९३२ मध्ये मताचा आणि उमेदवारीचा हक्क स्त्रियांना पुरुषांबरोबरच मिळाला, तरी पहिली स्त्री निवडून यायला १७ वर्षे लागली, आणि तीही खासदाराच्याच घरातून! पुढे २०११ मध्ये यिंगलक पंतप्रधान झाल्या त्या माजी पंतप्रधान थक्सिन यांची बहीण म्हणून, २०२४ मध्ये पेतोंगतार्न थक्सिन यांचीच कन्या म्हणून. रांग एकच आहे.

बाईंची लेक: माझी आई शिक्षिका, ग्रामपंचायतीला उभी राहिली, तेव्हा वडिलांनी तिचे पत्रकसुद्धा वाचले नव्हते. तरी गाव म्हणे, ‘साहेबांनी उभे केले.’ आपला सूर तोच आहे.

तिरकस: मातोश्रींविषयी आदर आहे, परंतु त्यांची ग्रामपंचायत म्हणजे उबोन नव्हे. पहिलेपणाचा मान ओरापिन यांचाच, हवे तर लिहून देतो. झाले समाधान?

खडूफळा: नाही. राजघराण्याच्या जमिनी सत्ताधाऱ्यांनी स्वस्तात घेतल्याचे प्रकरण लिआंग यांनी १९३७ मध्ये सभागृहात काढले, तेव्हा त्यांना उचलून तळ्यात फेकण्यात आले होते. अशा माणसाचे आडनाव लावून मते मागताना त्याचे वैरीही पदरी पडतात. ही वजाबाकी आपल्या हिशेबात कोठे आहे?

बाईंची लेक: पुन्हा लिआंगच! नोव्हेंबर १९५१ मध्ये लष्कराने ते सभागृह गुंडाळले, तोवर ओरापिन यांनी तेथे काय मांडले, हे आपणा दोघांपैकी एकानेही विचारलेले नाही.