रेड ड्वार्फ: नवख्यांसमोर सहाच भाग लावायचे तर कुठले?

कोलशेत_कट्टा

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचं क्लब हाऊस रविवारी चार ते आठ मिळतंय, प्रोजेक्टरसकट. बारा-पंधरा जण असतील. इंग्रजी सगळ्यांना समजतं, पण 'रेड ड्वार्फ' ही ब्रिटिश विनोदी विज्ञानमालिका एकानेही पाहिलेली नाही. एक भाग साधारण अर्ध्या तासाचा, म्हणजे चहापाणी धरून सहाच बसतात. कच्ची यादी: 'द एंड', 'बॅकवर्ड्स', 'पॉलिमॉर्फ', 'गनमेन ऑफ द अपॉकलिप्स', 'बॅक टू रिअ‍ॅलिटी', 'टिक्का टू राइड'.

'द एंड' पहिला आहे म्हणून घेतलाय, पण त्यातला निम्मा वेळ ओळखी करून देण्यात जातो. शिवाय रविवार म्हणजे मेगाब्लॉक. डोंबिवली-कळव्याकडून येणारे पहिला भाग चुकवणार हे धरूनच चाला. क्रम सुचवा. "सगळेच बघा" हे उत्तर नको.

नेरुळचा_टोस्टर

यादीत राक्षस भरपूर आणि रिमर कमी. कालप्रवास आणि अँड्रॉइड पाहून नवखा माणूस दोन भाग हसेल. त्याने पुढच्या रविवारी आपणहून विचारायला हवं असेल, तर त्याला लिस्टर आणि रिमर या जहाजावरच्या जोडीची कुरबुर आवडली पाहिजे. ती सगळ्यात निर्भेळ 'मरून्ड'मध्ये आहे (सीझन ३, १९८९). बर्फाळ ग्रहावर आपटलेलं स्टारबग (त्यांचं छोटं यान), आत दोघंच, खायला शेवटी कुत्र्याचं डबाबंद अन्न आणि जाळायला पुस्तकं. उद्या गडकरी रंगायतनला दोनपात्री म्हणून लावलं तरी नेपथ्य बदलावं लागणार नाही. गिटार जाळायची वेळ येते तेव्हा लिस्टर काय करतो? रिमरच्या वडिलांनी दिलेल्या कापराच्या लाकडाच्या पेटीतून गिटारच्या आकाराचा तुकडा कापतो आणि तो जाळतो. रिमरला वाटतं, केवढा हा त्याग! त्या भरात तो स्वतःचे जिवापाड जपलेले खेळण्यातले सैनिक आगीत द्यायला निघतो. दोघांची पुरी कुंडली त्या एका प्रसंगात मांडली जाते.

'द एंड' वगळा आणि एवढं दारातच सांगा: लिस्टरने जहाजावर चोरून मांजर आणली, शिक्षा म्हणून त्याला स्टेसिसमध्ये, म्हणजे काळ थांबवणाऱ्या खोलीत कोंडलं, तेवढ्यात किरणोत्सर्गाने बाकी सगळे मेले, आणि तो तीस लाख वर्षांनी बाहेर आला. रिमर मेलेलाच आहे, होलोग्राम आहे, म्हणून त्याला कशालाही हात लावता येत नाही. कॅट त्या मांजरीच्या वंशातला. क्रायटन हा घरकाम करणारा अँड्रॉइड. होली म्हणजे जहाजाचा कॉम्प्युटर. उशिरा येणाऱ्यांनाही चपला काढेपर्यंत सांगून होतं.

दुसरा हवाच असा भाग 'मी स्क्वेअर्ड', पहिल्या सीझनचा शेवटचा. रिमरची दुसरी प्रत तयार होते आणि तो स्वतःसोबतच राहायला जातो. (शीर्षक मराठी कानाला जास्तच चपखल लागतं.) मरताना त्याच्या तोंडी 'गझपाचो सूप' का आलं, ते इथे कळतं. कॅप्टनच्या टेबलावर त्याने ते सूप थंड आहे म्हणून गरम करायला परत पाठवलेलं असतं. ते थंडच प्यायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. सबटायटल वाचून हा विनोद पोचत नाही. "मोठ्या साहेबांच्या पंगतीत सोलकढी गरम करून मागितली" असं आधी सांगून ठेवा, खोली कोसळेल.

वाशी_सेक्टर_सतरा

'मी स्क्वेअर्ड'ला हरकत नाही, पण तो 'मरून्ड'च्या नंतर लावू नका. पहिल्या सीझनमध्ये क्रायटन नाही आणि होली म्हणजे नट नॉर्मन लोव्हेट. तिसऱ्यापासून होलीची भूमिका हॅटी हेरिज ही नटी करते. उलट क्रमाने दाखवलंत तर पहिली पाच मिनिटं "ती बाई कुठे गेली?" यातच जातील.

'टिक्का टू राइड' मात्र काढाच. तो सातव्या सीझनचा पहिला भाग (१९९७) आणि सुरुवातीलाच सहाव्या सीझनच्या शेवटच्या 'आउट ऑफ टाइम'मधला पेच सोडवत बसतो. तो पेच न पाहिलेल्याला लिस्टरचं ते सगळं स्पष्टीकरण म्हणजे नुसती बडबड. शिवाय सातवा सीझन स्टुडिओत प्रेक्षक न बसवता चित्रित केलाय. आधीच्या भागांत नट हशासाठी थांबतात, प्रेक्षकांच्या श्वासावर पुढचं वाक्य टाकतात. इथे तो ताल हरवलाय. करीच्या विनोदासाठीच घेतला असेल तर त्यापेक्षा 'डीएनए' (सीझन ४) बरा. त्यात लिस्टरच्या मटण विंदालूचाच राक्षस होतो आणि तो मरतो लागर बिअरने. गोव्याकडच्या विंदालूशी त्या पदार्थाचं नातं नावापुरतंच, ते सोडा.

'गनमेन' ठेवा. १९९४ चं आंतरराष्ट्रीय एमी त्याला मिळालं म्हणून नव्हे, तर बांधणी घट्ट आहे म्हणून. स्टारबगच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागतो, तो समजून घ्यायला क्रायटन स्वतःच तो अंगात घेतो, आणि त्याच्या डोक्यातली लढाई काऊबॉयपटाच्या रूपात दिसते. तिथे तो दारुडा शेरीफ. बाकीचे तिघे खेळातली कौशल्यं घेऊन मदतीला उतरतात, मग व्हायरस तीच कौशल्यं पुसतो. प्रत्येक अडचण आधीच्या उपायातून येते. फक्त प्रश्नांची तयारी ठेवा: सहाव्या सीझनमध्ये मोठं जहाज हरवलंय, होली नाही, आणि आदल्याच भागात ('लीजन') रिमरला हार्ड लाइट शरीर मिळालंय. आता त्याला स्पर्श करता येतो, हे सांगितलं नाही तर तुमचं दारातलं भाषण खोटं ठरेल.

'बॅक टू रिअ‍ॅलिटी' (१९९२) शेवटीच लावा. तिथे चौघांना सांगितलं जातं की इतकी वर्षं तुम्ही फक्त खेळ खेळत होतात, आणि तुम्ही खरे असे आहात. नटव्या कॅटचा होतो दात पुढे आलेला बावळट ड्वेन डिबली. सरळमार्गी लिस्टर हुकूमशाहीतला खुनी अधिकारी निघतो. कोणाला इजा न करणाऱ्या क्रायटनच्या हातून माणूस मरतो. रिमरवरचा घाव सगळ्यात अचूक आहे. आयुष्यभर तो अपयशाचं खापर आईवडिलांवर फोडत आलाय, आणि इथे कळतं की यशस्वी लिस्टर त्याचाच सावत्र भाऊ, वाढवणारे तेच. सबबच संपली! या चार ठिकाणांची आधी ओळख नसेल तर समोर फक्त विचित्र दात दिसतील.

ऐरोली_अँटेना

एक तांत्रिक गोष्ट. पहिले तीन सीझन १९९८ मध्ये 'रीमास्टर्ड' करून काढले होते. जहाजाच्या मॉडेलच्या जागी कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं, चित्राला सिनेमाचा पोत, काही ठिकाणी काटछाट. तुमच्या यादीतले निम्मे भाग त्यात येतात. मूळ आवृत्तीच लावा, मॉडेलचं जहाज आजही जास्त वजनदार दिसतं. आणि चित्र ४:३ आहे. प्रोजेक्टर आपोआप ताणून पडदाभर करत असेल तर आस्पेक्टमध्ये जाऊन ४:३ पक्कं करा, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. आवाज प्रोजेक्टरच्या स्पीकरवर सोडू नका. प्रेक्षकांचा हशा आणि लिस्टर झालेल्या क्रेग चार्ल्सची लिव्हरपूलची बोली एकत्र आली की शब्द बुडतात. वेगळा स्पीकर लावा, बेस कमी ठेवा, सबटायटल चालू.

'बॅकवर्ड्स'च्या सुरुवातीला मजकूर वाचता येणार नाही इतक्या वेगाने वर सरकतो. क्रायटन परत कसा आला वगैरे सगळं त्यात आहे. पॉझ करत वाचा, तोच एक विनोद आहे. आणि मध्यंतरातला खेळ हवा असेल तर पबच्या मॅनेजरचं उलटं बोलणं (त्या भागात काळच उलटा चालतो) फोनवर रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, तेवढा तुकडा निवडा, इफेक्टमध्ये रिव्हर्स. कथेशी काडीचा संबंध नसलेलं बोलणं निघतं: हे रेकॉर्डिंग उलटं करून ऐकणाऱ्या रिकामटेकड्या प्रेक्षकालाच तो झापतोय.

नेरुळचा_टोस्टर

'पॉलिमॉर्फ'बद्दल राहिलं. आजी-आजोबा असतील तर लिस्टरच्या आकसत जाणाऱ्या चड्डीचा प्रसंग आधी स्वतः बघा. त्या जागी 'डायमेन्शन जंप' घ्या. दुसऱ्या विश्वातला शूर, देखणा एस रिमर येतो. दोघांच्या आयुष्याची वाट लहानपणी शाळेतल्या एका घटनेपाशी फुटलेली असते, एकाला त्याच इयत्तेत मागे ठेवलेलं असतं. (पुढचं वाक्य न पाहिलेल्यांनी सोडा.) मागे राहिलेला एस निघतो.

घणसोली_घड्याळ

जुनंच काय धरून बसलाय सगळे? 'लेमन्स' (सीझन १०, २०१२) कोणीच काढला नाही. चौघं इसवी सन २३ मधल्या ब्रिटनमध्ये अडकतात, परतायच्या यंत्राला बॅटरी नाही, लिंबाची बॅटरी करायची तर युरोपात लिंबू नाही, म्हणून चालत भारतात येतात! आपल्याकडे दुकानागणिक दारात मिरचीसकट टांगलेलं असतं. हिशेब मात्र ढिला आहे. जस्ताचा खिळा आणि तांब्याची पट्टी खुपसली की एका लिंबातून सुमारे ०.९ व्होल्ट मिळतो. नऊ व्होल्टसाठी दहा लिंबं एकापुढे एक जोडावी लागतील, आणि तरी अंतर्गत रोध इतका की प्रवाह जेमतेम मिलिअँपिअरच्या घरात. एलईडी मिणमिणेल. कालयंत्र नाही चालणार.

वाशी_सेक्टर_सतरा

लिंबाचा विनोद चांगला, पण अर्धा भाग येशूवर खर्च होतो आणि रिमरला काम नाही.

कोलशेत_कट्टा

ठरलं. चारला 'बॅकवर्ड्स', चुकला तरी चालेल म्हणून. सगळे आले की दारातलं भाषण, मग 'मी स्क्वेअर्ड', 'मरून्ड', 'डायमेन्शन जंप', 'गनमेन', आणि शेवटी 'बॅक टू रिअ‍ॅलिटी'. दुसऱ्या भागात क्रायटन का नाही आणि होलीचा चेहरा का बदलला, ते एका वाक्यात सांगेन. 'लेमन्स' पुढच्या खेपेला. 'मी स्क्वेअर्ड' संपला की चहाऐवजी सोलकढी ठेवतोय.

नेरुळचा_टोस्टर

गरम करून मागेल त्याच्या कपाळावर होलोग्राम रिमरसारखा 'एच' चिकटवा.