मदत हवी आहे: संग्रहालयाचा एसी रात्री कमी करता येईल का?

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या संग्रहालयात विजेचा सगळ्यात मोठा वाटा एसी आणि आर्द्रता-नियंत्रणच खातं. दिवे कधीच एलईडी केलेत, पण कार्बन उत्सर्जन म्हणावं तसं उतरत नाही. आर्द्रता ५० टक्क्यांवर, जेमतेम ५ इकडेतिकडे, हा जुना दंडक आम्ही अजून पाळतोय. बिझो ग्रीन प्रोटोकॉल (मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो गटाची ऊर्जा वाचवण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) मात्र बहुतेक वस्तूंना १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता चालते म्हणतो. २४ तासांतला आर्द्रतेचा फरक १० टक्क्यांच्या आत हवा.

कुणी प्रत्यक्ष असं सैल केलंय का? लाकडी फळीवरची चित्रं आणि हस्तिदंत यांचीच धास्ती आहे (दगडी मूर्तींचं काय, त्या निवांत आहेत!). अशा नाजूक वस्तूंना सिलिका जेलची (ओलावा शोषून आर्द्रता स्थिर ठेवणारे दाणे) बंद पेटी पुरते का? आणि उसन्या आणलेल्या वस्तूंच्या मालकांना कसं पटवलंत?