शब्दचर्चा: तोतयाच्या तोंडी ‘अस्मिता’ शोभेल का?

पहिला_मसुदा: माझ्या कादंबरीचा काळ १७७६, जागा रत्नागिरीचा किल्ला. पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव सांगणारा माणूस कैदेत आहे. इतकी वर्षं दुसऱ्याचं नाव वागवून त्याचा स्वतःशीच घोळ झालाय. मसुद्यातलं वाक्य असं: ‘माझी अस्मिता हरवली आहे. मी कोण, हेच मला कळेनासे झाले आहे.’ ‘अस्मिता’ खटकते. ‘ओळख’, ‘स्वत्व’, ‘व्यक्तिमत्त्व’ यांतलं काय चालेल? आणि ‘मानसिक ताण’ला त्या काळचा शब्द कोणता?

कोशवाचक: ‘व्यक्तिमत्त्व’ आणि ‘मानसिक ताण’ आधी खोडा. दोन्ही मानसशास्त्राच्या पुस्तकांतले, कैद्याच्या तोंडी आले की वाचक थेट समुपदेशकाच्या खोलीत जाऊन बसतो.

‘अस्मिता’ शब्द जुना, अर्थ नवा. पतंजलींच्या योगसूत्रांत अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश असे पाच क्लेश सांगितलेत. तिथे पाहणारा आणि पाहण्याचं साधन एकच वाटणं, म्हणजे जे मी नाही त्याला मी समजणं, ही अस्मिता. अभिमानाने मिरवायची गोष्ट नव्हे, सोडवून घ्यायची गाठ. मिरवायचा अर्थ विसाव्या शतकातला. गुजरातीत रणजितराम मेहता आणि कन्हैयालाल मुनशी यांनी ‘गुजरातची अस्मिता’ रुळवली. मराठीतही आज ती प्रांत-भाषेच्या अभिमानासाठीच जास्त वापरतात. १७७६च्या माणसाची ती ‘हरवणार’ नाही. योगसूत्रांच्या हिशेबाने हरवली असती तर तो मुक्तच झाला असता!

पानउतारा: मग जुन्या अर्थाने वापरा की. किल्ल्यावर एखादा शास्त्री येऊ द्या आणि त्याने म्हणू द्या, ‘हा अस्मितेचा क्लेश.’ दुसऱ्यालाच मी समजणं हाच तर या माणसाचा रोग. नेमका शब्द आहे, फक्त तोंड बदला.

मोडीवाला: पटलं. आता ‘ओळख’. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात ती परिचय, जाणपछान या अर्थी आहे. म्हणजे ओळख *असते* दोन माणसांत, किंवा *पटते* तिसऱ्याला. ‘माझी ओळख मला सापडत नाही’ ही रचना आजची. त्या काळी माणूस कोण हे तो स्वतः ठरवत नसे, चारचौघे ठरवत. त्यामुळे शब्द येतात खूण पटणे, निशाणी, साक्ष, दस्तुरखुद्द (स्वतःच्या हातचं लिखाण).

कागदपत्रांत माणूस कसा मांडतात ते पाहा. ‘बाळोजी बिन सुभानजी, मौजे अमुक, प्रांत अमुक.’ बाईचं असेल तर ‘सखूबाई कोम रामजी’. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. नाव, बाप, गाव, हक्क-वतन असेल तर तेही. आतला झगडा दाखवायचाय ना? त्याला साक्षीला उभा करा. कारकून विचारतो, ‘बिन?’ आणि हा गप्प. भाऊ म्हणवायचं तर बाप चिमाजीअप्पा. खरं सांगायचं तर कनोजकडचा कुणी. लेखणी शाईत बुडवून कारकून थांबलाय, टोकाला थेंब धरलाय, तो कागदावर पडण्याआधी उत्तर आलं पाहिजे. ‘हरवली’ हे क्रियापद मग लागतच नाही.

रत्नांग्री: छान. आणि मायना विसरू नका. पत्राची सुरुवात नात्याप्रमाणे ठरलेली: वडीलधाऱ्याला ‘तीर्थरूप’ आणि नमस्कार, धाकट्याला ‘चिरंजीव’ आणि आशीर्वाद, धन्याला ‘सेवक’ म्हणून विज्ञापना. भाऊंचा जन्म १७३०चा, त्यांचे चुलतभाऊ राघोबादादांचा १७३४चा. म्हणजे खऱ्या भाऊंनी दादांना आशीर्वादच लिहिला असता. तोतयाचा हात सवयीने ‘विज्ञापना’कडे गेला की सोंग फुटलं. पत्रातला मजकूर पाठ करता येतो, मायन्यात वय, मान आणि नातं एकदम सांभाळावं लागतं.

सर्वनामाचंही तेच. चाकरांपुढे सरदार ‘आम्ही’ म्हणतो. त्याला बाहेर ‘आम्ही’ आणि मनात ‘मी’ द्या, आणि कादंबरीच्या मध्यावर एकदा मनातही ‘आम्ही’ येऊ द्या. एकदाच. पाच वेळा केलंत तर युक्ती दिसेल.

पहिला_मसुदा: ‘तोतया’ शब्द त्याच्या स्वतःच्या मनात यावा का?

पानउतारा: अजिबात नको. तो शब्द पुणे दरबाराच्या बाजूचा. स्वतःकडे कोणी ‘मी तोतया’ म्हणून पाहत नाही. त्याच्याकडे ‘सोंग’ आहे, आणि त्याची क्रियापदं कामाची आहेत. सोंग *घेतलं* म्हणजे सुरुवात, *वठलं* म्हणजे लोकांना पटलं, *उतरवलं* म्हणजे संपलं. याचं वठलंय पण उतरवता येत नाही. सगळी घालमेल एवढ्या तीन क्रियापदांत बसते.

कोशवाचक: ताणासाठी एकच शब्द शोधू नका, प्रसंग पाहून घ्या. काळजी सतत पोखरत असेल तर ‘घोर’. दोन्हीकडून अडचण आणि बोलायची सोय नाही तर ‘कुचंबणा’. चारचौघांत तोंड लपवावंसं वाटलं तर ‘कानकोंडं होणं’. तातडीच्या निर्णयाआधी ‘घालमेल’.

‘दिलगीर’ जपून वापरा. आज दिलगीर म्हणजे माफी मागणारा. तेव्हा दिलगीर म्हणजे खिन्न, कष्टी. ‘दिलगीर न व्हावे’ याचा अर्थ ‘मन खट्टू करू नका’. आजचा वाचक तो ‘माफी मागू नका’ असा वाचेल, म्हणून शेजारी रडणारं माणूस किंवा मृत्यूची बातमी ठेवा. ‘इभ्रत’चीही गंमत आहे. अरबीत इब्रत म्हणजे धडा, इशारा. मराठीत झाली प्रतिष्ठा. आणि अरबीत ‘वतन’ म्हणजे मायदेश, मराठीत वंशपरंपरेचा हक्क. त्या काळच्या पात्राचं वतन गेलं म्हणजे देश सुटला असं नव्हे. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण गेलं. त्याबरोबर गावातला मानही गेला, म्हणून घाव खोल.

पहिला_मसुदा: शब्द त्या काळचा आहे की नाही हे तपासायचं कसं?

मोडीवाला: आधी मोल्सवर्थ, १८३१ची पहिली आवृत्ती किंवा १८५७ची दुसरी. तिथे शब्द असेल तर निदान तेव्हापर्यंत रुळलेला होता. नसेल तर लगेच बाद करू नका, सगळे संस्कृत शब्द त्यात आलेले नाहीत. दुसरी पायरी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, मुख्य सात खंड १९३२ ते १९३८. त्यात जुन्या ग्रंथांतली अवतरणं असतात, तीच वाचा. नुसता अर्थ वाचून उठलात तर ‘दिलगीर’सारखी फसगत होते. तिसरी पायरी पत्रं. राजवाड्यांची ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ २२ खंड, सरदेसायांनी संपादलेलं पेशवे दप्तर ४५ खंड. सगळं चाळायची गरज नाही. तुमच्या दहा-पंधरा वर्षांतली पन्नासएक पत्रं सलग वाचली तरी वाक्याची चाल कानात बसते.

रत्नांग्री: एक खड्डा सांगते. ‘मराठेशाही म्हणजे शुद्ध संस्कृत’ असं धरून राज्यव्यवहारकोशातले शब्द सरसकट पेरतात. तो कोश शिवाजी महाराजांच्या आज्ञेने फारसी शब्दांना पर्याय द्यायला केलेला. लोक काय बोलत याची ती नोंद नव्हे. शंभर वर्षांनीही पेशवाईत फारसीतून आलेले ‘फडणीस’ फडणीसच होते.

पानउतारा: उलटा खड्डाही आहे. फारसीचा भडिमार. एका परिच्छेदात दोनहून जास्त अनोळखी शब्द आले की वाचक गोष्ट सोडून अर्थ शोधत बसतो. निवेदन आजच्या मराठीत ठेवा, तिथे ‘ओळख’ आजच्या अर्थाने आली तरी बिघडत नाही. बंधन संवादाला, पत्रांना आणि पात्राच्या मनातल्या वाक्यांना.

कोशवाचक: निवेदनाबद्दल असहमत. निवेदक पात्राच्या खांद्यावर बसून सांगत असेल तर त्याचे शब्दही त्याच कोठडीतले हवेत. लांबून सांगणारा असेल तर तुमचं म्हणणं ठीक.

पहिला_मसुदा: निवेदक खांद्यावरचाच आहे. नवं वाक्य: ‘आरशात पाहावे तर चेहरा रोजचाच. पण कोणत्या नावाने हाक आली म्हणजे ओ द्यावी, ते उमजत नाही.’

मोडीवाला: ‘ओ द्यावी’ फार चांगलं. पण बेडी घातलेल्या कैद्याला आरसा कोण देतंय? पाण्याचा हंडा ठेवा.