मदत हवी आहे: कोहिमाच्या टेकडीवर पणजोबांचं नाव कुठं असेल?

रंकाळाकाठ: पुढच्या आठवड्यात कोहिमाला चाललोय. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात तिकडं लढाईत गेले. टेकडीवरच्या स्मारकात नावं कुठल्या बाजूला आहेत? लवकर सांगा, जेमतेम अर्धा दिवस हातात आहे.

माजी_सुभेदार: पलटण कुठली? साल?

रंकाळाकाठ: मराठा. कोल्हापूरचा माणूस आणि कुठं असणार?

माजी_सुभेदार: अहो, मराठ्यांच्या पलटणी इटलीत होत्या, आफ्रिकेतही होत्या. जपान्यांनी कोहिमाला घातलेल्या वेढ्यात मुख्यतः ब्रिटिशांची रॉयल वेस्ट केंट, आसाम रेजिमेंट आणि आसाम रायफल्स. चौथी मराठा मार्च १९४४ मध्ये सांगशाकला लढली, मणिपुरात, उख्रुलजवळ. तिथं जपानी अडले म्हणून कोहिमाला तयारीला वेळ मिळाला.

पन्हाळी_वारा: टेनिस कोर्ट चुकवू नका! डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं कोर्ट, अलीकडं आपले सैनिक, पलीकडं जपानी, मधल्या जागेत हातबॉम्ब. कोर्टाच्या रेषा सिमेंटनं आखून ठेवल्यात.

रंकाळाकाठ: कोर्ट कोण विचारतंय? नाव सांगा.

कागदकीडा: थडग्यांच्या रांगांत शोधू नका. दहन केलेल्या ९१७ हिंदू-शीख सैनिकांचं स्मारक अगदी वर, सगळ्यात उंच जागी आहे. पण देह मिळाला होता का?

रंकाळाकाठ: आजी म्हणते, तारेत 'बेपत्ता' होतं. त्यानं काय फरक पडतो?

कागदकीडा: सगळा फरक तिथंच पडतो! त्या आघाडीवर बेपत्ता झालेल्यांची नावं रंगून मेमोरियलवर आहेत, म्यानमारात तौक्यानला. जवळजवळ २७ हजार. आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे ही युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या साइटवर शोधा. आडनावाचं स्पेलिंग कसंही असतं, त्यामुळं बापाचं आणि गावाचं नाव टाकूनही बघा.

जय_टेंबलाई: एवढं कशाला? आपल्या कोल्हापुरात टेंबलाई टेकडीवर टेरिटोरियल आर्मीची मराठा पलटण आहे, तिथं जाऊन विचारा की.

माजी_सुभेदार: टेरिटोरियलकडं ४४ सालचा कागद कुठनं येणार? बेळगावला मराठा रेजिमेंटच्या सेंटरला पत्र टाका, सर्व्हिस नंबर घालून.

जय_टेंबलाई: बेळगाववाले उत्तर देईपर्यंत हे परत येतील.

रंकाळाकाठ: नंबर आजीच्या जुन्या पेन्शनच्या कागदावर असेल, काकांकडं ट्रंकेत आहे. पण तिकिटं काढलीत, परत मिळत नाहीत. जाणारच.

पन्हाळी_वारा: जावाच. नागालँडात शिरायला लागतं ते इनर लाइन परमिट काढलंय ना?

रंकाळाकाठ: ते काय असतंय?